कॉइलला दोष देण्याआधी प्लग बघा

ओटीजी ओव्हन मधूनच बंद पडू लागला, की घरोघरी निदान ठरलेलं असतं: "कॉइल गेली." पण प्लगची पिन काळी पडली असेल, तर आधी संशय जोडावर घ्यावा. तुटलेल्या कॉइलमधून करंट वाहतच नाही, मग तिच्यामुळे प्लग तापेल कसा?

हिशेब सोपा आहे. २००० वॅटचा ओव्हन २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर घेतो. वाटेतल्या एका सैल जोडाचा रोध अर्धा ओहम झाला, तरी त्या इवल्याशा जागी ३६ वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीचं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं, यावरून काय ते समजावं.

"एमसीबी आहे ना, काही झालं तर पडेल" हा सगळ्यात घातक भरवसा. एमसीबी जादा करंटला पडतो. सैल जोडामुळे करंट उलट किंचित कमी होतो. आरसीसीबी फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला करंट ताडून पाहतो. इथे गळतीच नाही, म्हणून तोही गप्प. इशारा देतो तो वास, जळक्या प्लास्टिकचा, कधीकधी चक्क मासळीसारखा. कोकणातल्या स्वयंपाकघरात तो फसवूही शकतो!

टेस्टर लागला म्हणजे सप्लाय ठीक, हेही खरं नाही. त्यातला निऑन दिवा एका मिलिअँपिअरहून कमी करंटवर पेटतो. ओव्हनचे आठ अँपिअर तो जोड पेलेल का, हे त्याला कळत नाही. मल्टिमीटर बरा, पण प्लग सॉकेटमधून उपसूनच. नुसता स्विच बंद करणं पुरेसं नाही, कारण चुकीच्या वायरिंगमध्ये स्विच न्यूट्रलवर असू शकतो. टायमर आणि थर्मोस्टॅट चालू स्थितीत ठेवून दोन्ही कॉइल धरल्या, तर २००० वॅटच्या ओव्हनला २६ ओहमच्या जवळपास आकडा यावा. वायर हलवताच तो उड्या मारू लागला, तर दोष वायरीत किंवा तिच्या जोडात. मात्र अर्धा ओहम साध्या मीटरवर सहज ओळखू येत नाही. तिथे डोळेच कामाचे: काळवंडलेलं थिंबल, कडक झालेलं वायरचं आवरण.

दुरुस्तीत लोक नेमकं अर्धं काम करतात. नवा प्लग लावतात, पण सॉकेट तेच, ढिल्या पकडीचं. थोड्याच दिवसांत नवा प्लगही काळा. दोन्ही बदलायचे, आणि सॉकेट १६ अँपिअरचंच. ६ अँपिअरच्या सॉकेटला कन्व्हर्टर जोडणं म्हणजे आणखी एक कच्चा जोड. ओव्हनच्या आतल्या जोडांना टेप गुंडाळू नये, सोल्डरही नको, ते १८३ अंशांच्या सुमारास वितळू लागतं. वायर चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापून नवं थिंबल दाबून बसवतात. साधी पीव्हीसी वायर ७० अंशांपर्यंतची, म्हणून आत सिलिकॉन किंवा फायबरग्लास आवरणाची वायर लागते. हे काम जाणत्या वायरमनचं. मायक्रोवेव्ह मात्र त्याच्या खास मेकॅनिकशिवाय उघडू नये. प्लग काढल्यावरही त्याच्या कॅपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज उरू शकतो.

पावसाळ्यात बरेच दिवस बंद असलेला ओव्हन लावताच आरसीसीबी पडतो, तो दोष वेगळा. कॉइलमधली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ओल धरते आणि करंट बॉडीत गळतो. त्यावर काही जण अर्थची पिन काढून टाकतात. मग आरसीसीबी पडत नाही हे खरं, पण गळती तशीच राहते आणि तिला जमिनीत जायला वाट उरते ती ओव्हनला हात लावणाऱ्याच्या अंगातून.