मधुमेहींच्या जखमेत अळ्या का पडतात?

पावसाळ्यात काटोलच्या संत्राबागांत माश्या वाढतात. वावरात काटा तर कुणालाही टोचतो. मग जखमेत अळ्या पडण्याचा धोका मधुमेह असलेल्यांनाच जास्त का? रक्त गोड म्हणून माशी येते, हा समज चुकीचा आहे. तिला ओढतो तो चिघळलेल्या जखमेचा वास.

खरी गडबड त्याआधीच सुरू झालेली असते. वर्षानुवर्षं वाढलेली साखर नसांना इजा करते, आणि सर्वांत लांब नसा पायांकडे जातात. ठिबकच्या नळीतला दाब उतरला की शेवटच्या झाडाला आधी पाणी कमी पडतं, तसे तळवेच आधी बधिर होतात. काटा रुततो, कळत नाही. रक्तपुरवठा अपुरा, पांढऱ्या पेशी मंदावलेल्या, त्यामुळे जखम आठवडेच्या आठवडे उघडी राहते. माशी तिथे अंडी घालते, साधारण दिवसभरात अळ्या बाहेर येतात. बऱ्याच जातींच्या अळ्या सडलेलं मांस खातात, पण आपल्याकडे आढळणाऱ्या क्रायसोमिया बेझियाना या माशीच्या अळ्या जिवंत मांसात शिरतात. एरवी माणूस वेदनेनं कळवळला असता. इथं वेदनाच नसते, आणि मला तेच सर्वांत भयंकर वाटतं.

म्हणून रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. वाकता येत नसेल तर आरसा धरा किंवा घरच्यांना सांगा. बागेत अनवाणी जाऊ नका. अळी दिसलीच तर रॉकेल, फिनाइल ओतू नका. जखम स्वच्छ कापडानं झाका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.