एकीचा दावा की सगळ्यांचा?

नशिराबादच्या एका गटाने विचारलंय: जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचायचं काम आम्हीही करतो, गडीमाणसंही करतात. हप्त्याला त्यांच्या हातात जास्त पैसे पडतात. तक्रार करायची आहे, पण अर्जावर पहिली सही कोण करणार? जी करेल तिला दुसऱ्या दिवशी ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणतील. एकाच अर्जात सगळ्यांचा दावा बसतो का?

या प्रश्नावर अमेरिकेत दहा वर्षं गेली. बेटी ड्यूक्स ही वॉलमार्ट या दुकानांच्या मोठ्या कंपनीत कामाला होती. पगारात आणि बढतीत बायकांना डावलतात, म्हणून तिने आणि आणखी काही जणींनी २००१ मध्ये दावा लावला. स्वतःपुरता नाही, तिथल्या सगळ्याच बायकांच्या वतीने. त्या होत्या सुमारे १५ लाख. असा दावा चालवायचा तर आधी कोर्टाला पटावं लागतं की या सगळ्यांचं दुखणं एकच आहे. २००४ मध्ये खालच्या कोर्टाला ते पटलं. कंपनी अपिलात गेली. २०१० मध्ये वरच्या कोर्टात ६ विरुद्ध ५ मतांनी बायकांचीच बाजू टिकली. कंपनी आणखी वर गेली, आणि २०११ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने परवानगी काढून घेतली. पगार खरंच कमी दिला का, याचा निकाल लागलाच नाही. सगळं भांडण ‘तुम्ही सगळ्या एक आहात का’ एवढ्यावरच.

दुकानं होती सुमारे ३४००. कोणाला किती वाढ द्यायची ते त्या त्या मॅनेजरच्या मर्जीवर. बायकांना कमी द्या, असा लेखी नियम कुठेच नव्हता. मग प्रत्येकीचं कारण वेगळं असणार, असं पाच न्यायाधीश म्हणाले. चौघांना ते पटलं नाही. आम्हालाही पटत नाही. सगळं मर्जीवर सोडून देणं हीसुद्धा एक रीतच की! पण ती रीत कोर्टात दाखवणं अवघड, हे मात्र खरं.

आता आपल्या मुंबईकडे या. इंटरनॅशनल फ्रँचायझेस या औषध कंपनीच्या एका खात्यात नियम होता: बाईचं लग्न झालं की नोकरी संपली. बॉम्बे लेबर युनियनने त्याविरुद्ध दाद मागितली. औद्योगिक न्यायाधिकरणाने नकार दिला, युनियन सुप्रीम कोर्टात गेली. कंपनीचं म्हणणं, लग्न झालेल्या बाया जास्त खाडे करतात. कोर्ट म्हणालं, बाळंतपणाची रजा सोडली तर लग्न झालेली, न झालेली आणि विधवा यांच्या खाड्यांत फारसा फरक नसतो. १९६५ मध्ये तो नियम गेला. नियम लेखी होता, सगळ्यांना एकच होता आणि भांडायला युनियन होती. कोणा एकीला पुढे व्हावं लागलं नाही.

ऑड्री डिकोस्टा मात्र एकटी लढली. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ती स्टेनोग्राफर होती. तेच काम करणाऱ्या पुरुषांना पगार जास्त. १९७७ मध्ये तिची नोकरी गेली. तिने १९७६ च्या समान वेतन कायद्याखाली अर्ज केला. पहिल्या अधिकाऱ्याने फेटाळला, अपिलातल्या अधिकाऱ्याने १९८२ मध्ये मान्य केला, मग कंपनी हायकोर्टात आणि पुढे सुप्रीम कोर्टात गेली. कंपनीचा आधार काय, तर कामगार संघटनेशी झालेला करार! म्हणजे आपल्या वतीने कोण सही करतं आणि कशावर करतं, तेही बघावं लागतं. २६ मार्च १९८७ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, करार कायद्यापेक्षा मोठा नाही, आणि ऐपत नाही हे कारणही चालणार नाही. फरकाची रक्कम मिळाली, पण ती ऑड्रीची एकटीची.

आता त्या कायद्याच्या जागी वेतन संहिता आली आहे. तिच्यात एका आस्थापनेतल्या कितीही कामगारांसाठी एकच अर्ज करता येतो. अर्ज कामगार स्वतः करू शकतो, तो सभासद असलेली नोंदणीकृत कामगार संघटना करू शकते, किंवा सरकारी निरीक्षक करू शकतो. बचत गट म्हणजे कामगार संघटना नव्हे, तेव्हा गटाच्या लेटरहेडवर भरवसा ठेवू नका. पहिल्या सहीची भीती असेल तर संघटनेचा किंवा निरीक्षकाचा रस्ता धरा. चौकशी जळगावच्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात करा. आणि मालक म्हणाला, ‘बरं, मग पुरुषांचीच मजुरी कमी करतो’, तर तसं करायलाही कायद्यात मनाई आहे.

राहिला पुरावा. जिनिंगमध्ये लेखी नियम कोण देतो? म्हणून वही तुम्हीच घाला: तारीख, काम कोणतं, किती तास, हातात किती पडले. शेजारी तेच काम करणाऱ्या गड्याला किती मिळाले, तेही त्याला विचारून लिहा. दहा जणींच्या वह्यांत एकच फरक दिसला, तर प्रत्येकीचं कारण वेगळं असं म्हणणं मालकाला जड जाईल. दाव्याची मुदत ३ वर्षांची आहे, तेव्हा जुनी हप्त्याची चिठ्ठी डब्यात पडली असेल तर ती आधी काढून ठेवा.