काडीमोडानंतरची मोड

मावळात दागिना विकत नाहीत, मोडतात. लोणावळ्याच्या बाजारात, तळेगावला किंवा कामशेतला सराफाच्या समोर बसलेली बाई रुमालाची गाठ सोडते आणि म्हणते, "दादा, हे मोडायचंय." पोराच्या फीसाठी, दवाखान्यासाठी मोडायचं असेल तर हे वाक्य सहज निघतं. नवऱ्यापासून वेगळं झाल्यावर त्याच्या घरून आलेला डाग मोडायचा असतो तेव्हा मात्र तेच वाक्य घशात अडकतं. घटस्फोटाला आपल्याकडे काडीमोड म्हणतात, आणि त्यानंतर ही दुसरी मोड वाट्याला येते.

मी भाचीबरोबर अशीच एकदा गेले होते. पहिल्याच दुकानात ती इतकी अवघडली की भाव न विचारता "द्याल ते द्या" म्हणाली. मी तिला तिथून उठवलं आणि चहाला घेऊन गेले. लाजेपोटी किंवा रागापोटी केलेली मोड स्वस्तातच जाते. म्हणून ही वाट नीट सांगते आहे.

सुरुवात दुकानात नाही, घरी करायची. आणि पहिला प्रश्न भावाचा नाही, मालकीचा आहे. लग्नात माहेरानं घातलेलं, सासरानं घातलेलं, नवऱ्यानं पुढं वाढदिवसाला दिलेलं, हे सगळं स्त्रीधन. त्यावर मालकी बाईची. प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये हे स्पष्ट केलं: स्त्रीधन सासरच्यांच्या ताब्यात असलं तरी ती नुसती ठेव असते. एप्रिल २०२४ मध्ये केरळातल्या एका बाईच्या दागिन्यांच्या दाव्यात याच न्यायालयानं पुन्हा सांगितलं की स्त्रीधन ही नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता नाही. नवऱ्यानं अडचणीत वापरलं, तरी ते परत करणं त्याच्यावर बंधनकारक आहे.

आपल्याकडे पुराव्याची एक चांगली सोय आधीपासून आहे, ती म्हणजे लग्नाची यादी. बैठकीत कागदावर लिहितात: गंठण कुणाचं, पाटल्या कुणाच्या, अंगठी किती ग्रॅमची. जमिनींना भाव आल्यापासून मावळातल्या याद्यांवर तोळ्यांचे आकडेही वाढले. हुंडा प्रतिबंधक कायद्याखालच्या १९८५ च्या नियमांतही वधू-वरांना मिळालेल्या भेटींची सह्यांनिशी यादी ठेवायला सांगितलं आहे. तो कागद शोधा. नसेल तर लग्नाचा अल्बम काढा. कोणता डाग कधी अंगावर आला, ते फोटोत दिसतं.

दोन ठिकाणी थांबायला हवं. सासूबाईंनी घराण्याची बोरमाळ किंवा लक्ष्मीहार "समारंभापुरता घाल" म्हणून दिला असेल, तर ती भेट झाली की उसनवारी, यावर वाद होतो. असा डाग बाजूला ठेवा. आणि कोर्टात दावा चालू असेल, किंवा परस्पर संमतीच्या अटींमध्ये दागिन्यांचा उल्लेख यायचा असेल, तर वकिलाला विचारल्याशिवाय एक मणीही मोडू नका. साखरपुडा मोडला असेल तर दोन्हीकडचे डाग परत करण्याची रीत आहे. बैठकीत तसं ठरलं असेल तर अंगठी परत करून मोकळं व्हावं, असं माझं मत.

डाग सासरीच अडकले असतील तर मोडीचा विषय पुढचा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली स्त्रीधन परत देण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. मावळचं तालुका न्यायालय वडगावला आहे. तालुका विधी सेवा समितीकडून बाईला मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. हे फार जणींना माहीत नसतं.

आता दागिने पाहू. प्रत्येक डागाचा फोटो काढा, जमल्यास वजन करून वहीत लिहा. मग भिंगातून शिक्का शोधा. २०२१ पासून हॉलमार्कमध्ये तीन गोष्टी असतात: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (बावीस कॅरेटला ९१६, अठराला ७५०) आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी क्रमांक. बीआयएस केअर या ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की डाग कुठल्या सराफानं, कुठल्या केंद्रात तपासून घेतला आणि शुद्धता किती, ते दिसतं. १ एप्रिल २०२३ पासून हा क्रमांक नसलेला सोन्याचा दागिना सराफाला विकता येत नाही, मात्र दोन ग्रॅमच्या आतले डाग आणि कुंदन-जडावाचं काम यातून वगळलं आहे. हे बंधन सराफावर आहे, तुमच्यावर नाही. "शिक्का नाही, म्हणून निम्मा भाव" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. जुना, बिनशिक्क्याचा डाग तुम्हाला मोडता येतो. भाव त्याच्या टंचावर ठरतो.

टंच म्हणजे सोन्याची खरी शुद्धता, आणि मोडीचा सगळा हिशेब त्यावर फिरतो. समजा पाटल्यांची जोडी ४० ग्रॅम भरली. टंच ९१.६ निघाला तर त्यात चोख सोनं ३६.६४ ग्रॅम. टंच ८८ निघाला तर ३५.२०. म्हणजे जवळजवळ दीड ग्रॅमचा फरक, तोही भावाबद्दल एक शब्द न बोलता. त्यावर सराफ 'घट' म्हणून टक्का-दोन टक्के कापतो. जुन्या तोड्यांत आत लाख भरलेली असते, ती वजनातून जाते. खडे जातात. घेताना दिलेली मजुरी तर कधीच परत येत नाही. म्हणून पावतीवरची जुनी रक्कम मनात धरून गेलात तर वाईट वाटेल. हिशेब ग्रॅममध्ये करा, रुपये शेवटी.

शंका असेल तर विकण्याआधीच बीआयएसमान्य हॉलमार्किंग केंद्रात तपासून घ्या. पुण्यात अशी केंद्रं आहेत. ग्राहकाला चार डागांपर्यंत २०० रुपये आणि वर कर, इतकीच फी आहे. तिथला अहवाल हातात असला की दुकानात बोलणं सोपं होतं.

दुकानं किमान तीन पाहा, तीही एकाच दिवशी, कारण भाव रोज हलतो. मुंबईची इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन रोजचे दर जाहीर करते. त्यातला ९१६ चा दर, जीएसटी न धरता, आधी पाहून ठेवा. मग लोणावळा, तळेगाव, आणि डाग जड असेल तर लोकलनं पुण्याला सोन्या मारुती चौकापर्यंत जायला हरकत नाही. प्रत्येक ठिकाणी विचारायचं: मोडीचा आजचा दर काय, घट किती, टंच आटवून पाहणार की यंत्रावर, आणि पैसे कसे देणार. ज्या पेढीवरून डाग घेतला होता तिथं भाव बरा मिळण्याची शक्यता असते, पण बऱ्याचदा तो 'बदली'साठी असतो. बदली म्हणजे नवा दागिना घ्यायचा, त्यावर पुन्हा मजुरी आणि तीन टक्के जीएसटी. मोकळं व्हायचं असेल तर पैसे घ्या.

यंत्र क्ष-किरणांनी फक्त वरचा पातळ थर वाचतं. जोडांवर डाख जास्त असेल किंवा वर मुलामा असेल तर ते फसतं. म्हणून मोठ्या डागाला आटणी बरी, फक्त ती तुमच्या डोळ्यांसमोर व्हायला हवी. आटवल्यावर दागिना परत मिळत नाही, लगड मिळते. तेव्हा दर आणि घट आधी कागदावर लिहून घ्या.

भाचीच्या मंगळसूत्राची आटणी मी पाहिली. कारागिरानं आधी दोन्ही वाट्या सोडवल्या, तार कापली, काळे मणी एका बशीत घेतले. नुसत्या सोन्याचं वजन पुन्हा झालं. मग मूस, चिमूटभर टाकणखार आणि गॅसची ज्योत. डाखाच्या जागा आधी काळवंडल्या, मग सगळंच लाल झालं. वाट्यांच्या कडा खाली बसल्या, आणि एका क्षणी ते सारं गोळा होऊन मुशीत थेंबासारखं गरगर फिरायला लागलं. माहेरची वाटी कोणती आणि सासरची कोणती, ते आता कुणालाच सांगता आलं नसतं. पाण्यात टाकल्यावर चर्र झालं. निवलेली गोळी काट्यावर ठेवली, मग यंत्राखाली. दोन्ही आकडे तिनं स्वतः वाचून वहीत लिहिले. पहिल्या दुकानात "द्याल ते द्या" म्हणणारी ही तीच मुलगी होती.

हिऱ्यांचं थोडक्यात. हिऱ्याला सोन्यासारखा उघडा बाजारभाव नाही. प्रमाणपत्र असलं तरी दुसरा सराफ फार कमी देतो, प्रयोगशाळेत बनवलेल्या हिऱ्याला तर त्याहूनही कमी. घेतलेल्या दुकानाची परत घेण्याची अट पावतीच्या मागं छापलेली असते, ती वाचा. इतरत्र विकलात तर सोन्याचे पैसे घ्या आणि खडा काढून परत मागा.

पैशांच्या वेळी सराफ आधार आणि पॅन मागेल. त्याचा राग नको. चोरीचा माल घेतल्याचा आरोप त्याला टाळायचा असतो. दिवसाला दहा हजारांवर रोख दिली तर तो खर्च त्याला प्राप्तिकरात दाखवता येत नाही, म्हणून रक्कम खात्यात येते. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं तर कायद्यानंच बंद आहे, आणि दंड घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा होतो. खातं फक्त तुमच्या नावाचं हवं. जुन्या जोडखात्याचा नंबर सवयीनं देऊ नका.

कराचंही पाहायला हवं. दागिना भेट आलेला असेल तर देणाऱ्याची खरेदी किंमत तीच तुमची धरतात आणि त्याच्याकडचा काळही मोजतात. एकूण काळ चोवीस महिन्यांवर असेल तर नफ्यावर साडेबारा टक्के दर आहे. लग्नातल्या आणि नवऱ्यानं दिलेल्या भेटींवर मिळताना कर नसतो. मित्र किंवा होणारा नवरा मात्र कायद्याच्या लेखी नातेवाईक नाही. लग्न झालंच नसेल आणि त्या वर्षात अशा भेटी पन्नास हजारांवर गेल्या असतील, तर त्या उत्पन्नात धरल्या जातात. रक्कम मोठी असेल तर विवरणपत्राआधी जाणकाराला विचारा. वजन, टंच, दर, घट आणि तारीख लिहिलेली पावती घेतल्याशिवाय दुकानाबाहेर पडू नका.

आणि जाताना सोबत कुणीतरी न्या, बहीण, मैत्रीण, मावशी. काळे मणी सराफाच्या कामाचे नसतात, ते झाडून टाकले जातात. हवे असतील तर तार कापण्याआधीच सांगा. कागदाच्या पुडीत बांधून मिळतात.