एंटर दाबल्यावर नेमकं काय होतं?

काळ्या पडद्यावर कमांड देऊन राउटर-स्विच सेट करणाऱ्यांना शेकडो कमांड तोंडपाठ असतात, हा सगळ्यात लोकप्रिय गैरसमज आणि सगळ्यात निरुपद्रवीही. सिस्कोच्या आयओएसमध्ये प्रश्नचिन्ह दाबलं की पुढे काय लिहिता येईल त्याची यादी येते, टॅब दाबला की अर्धवट शब्द पूर्ण होतो, आणि ‘कॉन्फिगर टर्मिनल’ऐवजी नुसतं ‘कॉन्फ टी’ चालतं. नुकसान करतात त्या समजुती वेगळ्याच.

कमांड दिली की सेटिंग सेव्ह झालं, असं काहींना वाटतं. सेव्ह करेपर्यंत काहीच बदलत नाही, असं इतरांना. दोन्ही चूक. कमांड एंटरसरशी लागू होते, पण राहते ती रनिंग-कॉन्फिगमध्ये, म्हणजे रॅममध्ये. चालू होताना बॉक्स, म्हणजे राउटर किंवा स्विच, वाचतो ती स्टार्टअप-कॉन्फिग, एनव्हीरॅममधली. ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ किंवा जुन्या मंडळींच्या हातात बसलेलं ‘राइट मेमरी’ दिल्याशिवाय इथलं तिथे जात नाही. म्हणूनच महिनोन्‌महिने बिनतक्रार चाललेला स्विच एका रात्री वीज जाऊन आली की ‘आपोआप बिघडतो’. प्रत्यक्षात तो शेवटचं सेव्ह केलेलं घेऊन उठलेला असतो, इतकंच.

मग स्टार्टअप-कॉन्फिग उलट रनिंगमध्ये कॉपी केली तर चूक पुसली जाईल? नाही. ती जुन्याची जागा घेत नाही, त्यात मिसळते. चुकून जोडलेली ओळ तशीच राहते. ती काढायला त्याच ओळीपुढे ‘नो’ लावावा लागतो, नाहीतर ‘कॉन्फिगर रिप्लेस’ वापरावं लागतं.

सगळ्यात महाग पडते ती ‘नवी कमांड जुन्यात भर घालते’ ही समजूत. अनेक व्हीलॅन (वेगवेगळी आभासी नेटवर्क) एकत्र वाहून नेणाऱ्या जोडणीवर, म्हणजे ट्रंकवर, व्हीलॅन 10 आणि 20 चालू आहेत, 30 हवा आहे. नवखा माणूस ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन 30’ लिहितो. एरर येत नाही. पण आता ट्रंकवर फक्त 30 उरतो. मधला ‘ॲड’ हा शब्द लिहायचा राहिला. आणि स्विचचं मॅनेजमेंट 10 वर असेल, तर त्या माणसाचं स्वतःचं एसएसएच सेशनही तिथेच गोठतं. आता कन्सोल केबल घेऊन जागेवर जायचं. गंमत म्हणजे नियम सरसकट एक नाही. इंटरफेसवर नवा ‘आयपी ॲड्रेस’ दिला की जुना जातो, पण वेगळ्या नेक्स्ट-हॉपचा ‘आयपी राउट’ दिला की जुना राउटही राहतो. कमांडगणिक माहीत असावंच लागतं. अंदाज चालत नाही.

हे नवशिक्यांचंच दुखणं, असंही नाही. 4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुकमध्ये नेहमीच्या देखभालीत, बॅकबोनची (मुख्य अंतर्गत नेटवर्कची) क्षमता तपासण्यासाठी दिलेल्या एका कमांडने सगळ्या बॅकबोन जोडण्या तुटल्या. अशी कमांड अडवायला ऑडिट करणारं टूल होतं, त्यातच बग निघाला. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामसकट सगळं सुमारे सहा तास बंद.

पासवर्डबद्दल थोडक्यात: ‘सर्व्हिस पासवर्ड-एन्क्रिप्शन’मुळे दिसणारी टाइप 7 ची अक्षरं क्षणात उलगडता येतात. मागून डोकावणाऱ्यापासून बचाव, एवढाच या कमांडचा उपयोग. ‘इनेबल सीक्रेट’ हॅश ठेवतो, तो वापरावा.

शिवाय सगळ्या कंपन्यांचे बॉक्स कमांड अशी एंटरसरशी लागू करतात असंही नाही. ज्युनिपरच्या जुनॉसमध्ये बदल आधी वेगळ्या मसुद्यात साठतात आणि ‘कमिट’ दिल्यावरच लागू होतात. ‘कमिट कन्फर्म्ड’ दिलं आणि 10 मिनिटांत पुन्हा कमिट केलं नाही, तर जुनं सेटिंग आपोआप परत येतं. आयओएसवर लांबून काम करताना बरेच जण असंच काहीसं जमवतात: आधी ‘रीलोड इन 10’, मग धोक्याची कमांड, आणि सेव्ह मुद्दाम नाही. संपर्क तुटलाच तर बॉक्स रीस्टार्ट होऊन जुन्या सेटिंगवर येतो. सगळं सुरळीत झालं, तर मात्र ‘रीलोड कॅन्सल’ आठवणीने द्यायचं आणि मगच सेव्ह करायचं.