घरचं इंटरनेट (भाग ६) : आधी तार ऐका, मग अर्ज भरा

ब्रॉडबँड घ्यायचं ठरलं की आपण दोनच गोष्टी विचारतो. वेग किती आणि महिन्याला पैसे किती? ज्या तारेवरून ते घरात येणार, तिची चौकशी कुणीच करत नाही. मग मोडेम येतो, दिवे लुकलुकतात, दर थोड्या वेळाने इंटरनेट तुटतं आणि पुढचे कित्येक आठवडे तक्रारी करण्यात जातात. यातल्या बऱ्याच तक्रारी मुळात इंटरनेटच्या नसतातच, फोनच्या लाईनच्या असतात. मागच्या भागात आपण फायबर पाहिली. आजचा भाग आहे तो ज्यांच्या वाडीत किंवा गल्लीत फायबर अजून आलेली नाही आणि ज्यांना जुन्या लँडलाईनवरच ब्रॉडबँड घ्यायचं आहे, त्यांच्यासाठी.

लँडलाईन म्हणजे एक्स्चेंजपासून तुमच्या भिंतीपर्यंत आलेली तांब्याच्या दोन बारीक तारांची जोडी. ती सलग नसते. एक्स्चेंजमधून जमिनीखालची जाड केबल निघते, रस्त्याकडेच्या कॅबिनेटमध्ये येते, तिथून इमारतीच्या किंवा खांबावरच्या डीपी बॉक्समध्ये आणि मग घरात. प्रत्येक टप्प्यावर जोड आला. ही तार घातली गेली ती बोलण्यासाठी, म्हणजे साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच्या आवाजासाठी. एडीएसएल ब्रॉडबँड त्याच तारेवर २५ किलोहर्ट्झपासून ११०० किलोहर्ट्झपर्यंतच्या लहरी चालवतं आणि एडीएसएल टू प्लस तर २२०० पर्यंत. भारत संचार निगमने जानेवारी २००५ मध्ये ‘डेटावन’ सुरू केलं, तेव्हा सरकारी व्याख्येत २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड होतं. २०२३ पासून ती मर्यादा २ एमबीपीएस आहे. अपेक्षा वाढत गेली, तार मात्र तेवढ्याच वर्षांनी जुनी झाली.

म्हणून अर्ज भरण्याआधी एक साधी परीक्षा करा. घरातली पॅरलल जोडलेली सगळी उपकरणं काढा : आतल्या खोलीतला दुसरा फोन, कॉलर आयडी, फॅक्स, जे असेल ते. बाहेरची तार घरात शिरल्यावर ज्या पहिल्या डबीत येते, तिथे एकच साधा, वायरचा फोन लावा. कॉर्डलेस नको, त्याची स्वतःची खरखर असते. रिसीव्हर उचला, डायल टोन आला की कुठलाही एक आकडा दाबा आणि कान लावून ऐका. टोन थांबतो आणि काही सेकंद लाईन मोकळी मिळते. त्या शांततेत जे ऐकू येईल तेच तुमच्या लाईनचं खरं रूप.

काहीच ऐकू आलं नाही तर उत्तम. घुंऽऽ असा सलग आवाज असेल तर बहुधा दोनपैकी एक तार कुठेतरी ओल्या भिंतीला किंवा जमिनीला लागली आहे. लाईनमनच्या भाषेत ‘लाईन अर्थ झालीय’. दुसऱ्याचं बोलणं पुसट ऐकू येत असेल तर शेजारच्या जोडीशी संपर्क होतोय. आणि तडतड, खरखर असेल तर जोड सैल झालाय किंवा गंजलाय. आपल्याकडे पावसाळ्यात सर्वांत जास्त भेटतो तो हा तिसरा दोष, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

डीपी बॉक्सचं झाकण उघडल्यावर स्क्रूभोवती हिरवट पूड साचलेली दिसते. ती तांब्यावर चढलेली गंजाची पुटं. त्या पुटाखाली तार आणि स्क्रू एकमेकांना टेकलेले असतात, पण विजेला नीट वाट मिळत नाही. गंमत अशी, की फोनची रिंग वाजली किंवा रिसीव्हर उचलून चांगला प्रवाह वाहिला की तो पातळ थर काही काळापुरता भेदला जातो आणि लाईन स्वच्छ होते. काही तासांनी पुन्हा खरखर. त्यामुळे लाईनमन येतो, फोन लावतो, सगळं ठीक ऐकू येतं, आणि तो ‘लाईन ओके’ लिहून निघून जातो. तुम्ही खोटं बोलत नव्हता आणि तोही नाही. दोष खरा आहे, पण तपासण्याच्या क्षणी तो दबतो. अशा वेळी तारीख, वेळ आणि त्या वेळी पाऊस होता का, एवढं लिहून ठेवा आणि तो कागद लाईनमनला दाखवा. आणि जोड नुसता दाबून न देता कापून नव्याने करायला, किंवा केबलमध्ये चांगली जोडी शिल्लक असेल तर पेअर बदलून द्यायला सांगा.

याच्या उलटही घडतं. फोन पूर्ण डेड, डायल टोन नाही, पण इंटरनेट रखडत का होईना चालू! दोनपैकी एक तार तुटलेली असली तरी वरच्या लहरी ती फट काही प्रमाणात ओलांडतात, फोनचा प्रवाह ओलांडू शकत नाही. म्हणून ‘नेट चालतंय म्हणजे लाईन चांगली’ हे गृहीत धरू नका.

पहिल्या डबीत आवाज स्वच्छ आणि आतल्या खोलीत खरखर, असं झालं तर दोष घरातल्या वायरिंगचा. लग्नकार्यात, रंगकामात कुणीतरी ओढलेली चपटी वायर, पलंगामागचा उघडा जोड. मोडेम पहिल्या डबीजवळच ठेवा, स्प्लिटर (फोनचा आवाज आणि इंटरनेटच्या लहरी वेगळ्या करणारी छोटी डबी) तिथेच लावा, आणि दुसरा फोन हवाच असेल तर तो स्प्लिटरच्या फोनच्या बाजूने काढा. फोन वाजला की इंटरनेट तुटतं, या तक्रारीचं सर्वांत सामान्य कारण म्हणजे स्प्लिटर टाळून जोडलेला एखादा फोन.

आता अर्ज. ‘टेक्निकली नॉट फिजिबल’ असं उत्तर आलं तर तिथेच थांबू नका. नेमकं कारण विचारा. एक्स्चेंजमध्ये पोर्ट रिकामा नसेल तर वाट पाहता येते. जोडी खराब असेल तर दुरुस्ती मागता येते. अंतर जास्त असेल तर मात्र उपाय नाही : चार-पाच किलोमीटरच्या पुढे एडीएसएलमध्ये फारसा जीव उरत नाही, आणि हे अंतर केबलचं असतं, रस्त्याचं नव्हे. एक्स्चेंज समोर दिसत असूनही केबल वळसा घेऊन आलेली असू शकते. कनेक्शन अजून दिवंगत वडिलांच्या नावावर असेल तर आधी नाव बदलून घ्या, नाहीतर अर्ज कागदांवरच अडतो.

खरखर असताना ब्रॉडबँडचा अर्ज करूच नका. आधी फोनची तक्रार म्हणून नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. इंटरनेटच्या तक्रारीत पहिली फेरी मोडेम बंद-चालू करण्यातच जाते. फोनच्या तक्रारीत माणूस थेट तारेपाशी जातो.

कनेक्शन सुरू झालं की पहिल्याच दिवशी मोडेमच्या पानावर जाऊन (बहुतेक मोडेमना १९२.१६८.१.१) दोन आकडे वहीत लिहा. ॲटेन्युएशन आणि एसएनआर मार्जिन, दोन्ही डेसिबलमध्ये असतात. पहिला अंतराचा आरसा. तो फारसा बदलत नाही. दुसरा म्हणजे खरखरीला तोंड द्यायला लाईनकडे शिल्लक असलेली ताकद. तो किमान ६ हवा, १० च्या वर असला तर निर्धास्त. पुढे कधी इंटरनेट तुटायला लागलं आणि मार्जिन १२ वरून ५ वर आलेलं दिसलं, तर ‘नेट स्लो आहे’ असं सांगण्यापेक्षा हे दोन आकडे सांगा. एक्स्चेंजमधल्या माणसालाही त्यावरून लगेच कळतं की तार बघायला हवी.

फायबर मिळत असेल तर ती घ्या, यात दुमत नाही. मिळत नसेल तर या आठवड्यात, पाऊस पडत असतानाच, एकदा रिसीव्हर उचलून ऐका. काय ऐकू आलं ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात स्प्लिटर आणि घरातलं वायरिंग स्वतः कसं तपासायचं ते पाहू.