नागसेनवन : वास्तूंमागील विचार

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले. त्याच्या इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसली. प्रश्न विचारणाऱ्या राजा मिलिंदाचे नाव महाविद्यालयास, तर उत्तरे देणाऱ्या भदंत नागसेनांचे नाव परिसरास लाभले. विद्येचा आरंभ प्रश्नाने होतो, हा बोध या नावांतच आहे.

वर्गखोल्या, ग्रंथालय, प्रयोगशाळा कोणत्याही महाविद्यालयात असतात. नागसेनवनाचा कणा मात्र वसतिगृहे होत. गावकुसाबाहेरून आलेल्या मुलास शहरात भाड्याने खोली मिळणे दुरापास्त होते. निवारा आणि दोन वेळची भाकरी नसेल, तर प्रवेश केवळ कागदावर उरतो. म्हणून तेथे वसतिगृह ही वरकड सोय नव्हती. शिक्षणाचा हक्क प्रत्यक्षात उतरण्याची ती पहिली अट होती.

आमची निवासी शाळा त्याच विचाराची लहानशी शाखा आहे, असे आम्ही मानतो. म्हणून माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमची एकच विनंती आहे : शाळेसाठी दान देताना प्रवेशद्वाराच्या कमानीआधी वसतिगृहाचे छप्पर पाहावे.