पातं परकं, मूठ घरची

जुनी तलवार किंवा कट्यार पाहताना नजर आधी पात्याकडे जाते. तरीही दख्खनी हत्याराचं कूळ विचारायचं असेल तर ते मुठीलाच विचारावं. १६व्या-१७व्या शतकांत युरोपीय पाती पश्चिम किनाऱ्यावर उतरली, मराठ्यांनी ती आवडीने घेतली आणि त्या तलवारीला नावच पडलं 'फिरंग'. मूठ मात्र इथल्या कारागिराने इथल्या हाताच्या मापाने बसवली. तंजावरच्या भोसल्यांच्या शस्त्रागारातल्या कित्येक कट्यारींतही युरोपीय पात्यांचे तुकडे आहेत. असं का व्हावं? पातं कापतं किंवा भोसकतं. हात कसा चालवायचा हे मूठ ठरवते. कट्यारीला सुरीसारखा दांडा नसतो. दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या असतात. त्या दांड्या मुठीत आवळल्या की पातं कोपरापासूनच्या रेषेत येतं, वार ठोशासारखा बसतो आणि उभ्या पट्ट्या मनगट सांभाळतात. विजयनगरच्या कट्यारींना हाताची पाठ झाकणारी पानाच्या आकाराची ढालही असे. बिचव्यात तर मूठ म्हणजे बोटं अडकवायची कडी, त्यामुळे तो हातातून सहज निसटत नाही.

यावर कोणी विचारेल, मग मुघलांच्या जेड दगडाच्या मुठींचं काय? घोड्याचं किंवा नीलगाईचं तोंड कोरलेली मूठ लढाईसाठी थोडीच घडवतात! खरं आहे, तो दरबारी मानाचा दागिना होता. पण प्राण्याचं तोंड असतं टोकाला. खालचा वळणदार दस्ता मात्र पंजात नीट बसणारा आहे. पिस्तुलाच्या दस्त्यासारखी ही घडण मुळात दख्खनची, असं काही अभ्यासक मानतात. मला ते पटतं. निजामशाहीच्या मलिक अंबरने १६१०मध्ये वसवलेलं खडकी औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद झालं. निजामशाहीची जुनी वस्ती आणि मुघल दरबार जिथे एकाच गावात नांदले, तिथे आकारांची उसनवारी दोन्ही बाजूंनी होणारच. त्याआधीच्या, १६व्या शतकातल्या विजापूर-गोवळकोंड्याच्या मुलामा दिलेल्या मुठींवरही एकमेकांवर तुटून पडणारे प्राणी आहेत. म्हणजे ही हौस दख्खनला मुघलांनी शिकवलेली नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मूठ बदलता येते, मग तिच्यावर विश्वास का ठेवायचा? पात्याचं वय मुठीवरून काढू नये, हे मान्यच. जावा बेटावर क्रिस या खंजिराचं पातं घराण्याचा वारसा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जपतात, तर मूठ मालकानुसार आणि प्रांतानुसार बदलते. पण ती कोणत्या प्रांताची, हे जाणकार तिच्या घडणीवरून सांगतात. दख्खनमध्येही तेच. तलवारीचं पातं मुठीत बहुधा लाखेने बसवलेलं असतं. मूठ तापवली की लाख वितळते आणि पातं सुटतं. नवा मालक ते पातं ठेवतो आणि मूठ आपल्या गावच्या कारागिराकडून घडवून घेतो.